मिक्सर ते लॅपटॉप: एका रात्रीच्या नाटकाचा आवाज घरी आणताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "तर" आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय तांत्रिक आहे, पण सुरुवात माझ्या मामापासून करतो. मामा झाडीपट्टीच्या नाटकात पेटी वाजवतो. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो: गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या धानाच्या पट्ट्यात भाऊबीजेनंतर मंडई भरू लागते आणि तिथून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे ओळीनं आहेत. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईत बऱ्याच जणांनी "झाडीपट्टी" हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल.

मामानं दिवाळीत घरी सांगून टाकलं, "आता रात्र सोसत नाही. हा सीझन शेवटचा." आई मला म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग भावाची पेटी रेकॉर्ड करून दे मले." मी बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची. मला वाटलं, यात काय अवघड? एक वायर, एक लॅपटॉप.

पहिला प्रयोग: तीन चुका

वडशाजवळच्या एका गावात प्रयोग होता. साउंडवाल्या दादांच्या मिक्सरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढली आणि माझ्या जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. रात्री साडेदहाला रेकॉर्डिंग लावलं आणि पुढच्या रांगेत जाऊन बसलो. सकाळी घरी येऊन ऐकलं तर काय होतं?

एक, सगळे संवाद फाटलेले. पत्र्यावर खडे पडावेत तसे. दोन, मधेमधे अख्खं नाटक गायब होऊन फक्त एका नटाचा आवाज येत होता, दोन-दोन मिनिटं. तीन, दोन चाळीसच्या आत रेकॉर्डिंग बंद पडलेलं. शेवटच्या अंकातलं मामाचं सगळ्यात आवडतं पद फाइलमध्ये नव्हतंच. आणि जेवढं रेकॉर्ड झालं होतं त्यातही पेटी शोधावी लागत होती.

आईला मी "थोडं क्लीन करतो" असं सांगितलं. क्लीन करण्यासारखं काही नव्हतं. सीझनचे तीनेक महिने उरले होते, म्हणून मी मुळापासून शिकायला बसलो. आजचा भाग म्हणजे ते शिकलेलं.

आवाज का फाटला: चार पातळ्या

वायरमधून आवाज विजेच्या रूपात जातो आणि त्या विजेच्या ढोबळ चार पातळ्या असतात. माइकमधून निघणारा आवाज अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा. गिटारसारख्या वाद्याचा त्याहून बराच मोठा. त्यावर लाइन लेव्हल: घरगुती उपकरणांत साधारण ०.३ व्होल्ट, व्यावसायिक मिक्सरमध्ये १.२३ व्होल्ट. आणि सगळ्यात वर स्पीकर लेव्हल: १०० वॉटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला २८ व्होल्टच्या आसपास देतो.

माइकचं भोक मिलिव्होल्टची वाट पाहत असतं. मी त्यात मिक्सरचा आवाज ओतला, म्हणजे माठ भरायच्या गाळणीखाली कालव्याचं पाणी सोडलं. आवाज फाटणारच. सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूम कमी करून उपयोग नसतो, कारण आवाज फाटतो तो आधीच, आत शिरतानाच.

इथेच एक इशारा. आपल्याकडे लग्नात, भजनात आहुजाचे ॲम्प्लिफायर सर्रास दिसतात. मागे स्पीकरच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि भोंग्यांसाठी १०० व्होल्ट लाइन असे स्क्रू असतात. त्या स्क्रूंवरून लॅपटॉपला किंवा इंटरफेसला वायर जोडायची नाही. कधीच नाही. इंटरफेस जळेल आणि शॉक बसायचा तो वेगळाच. ॲम्प्लिफायरला लाइन आउट असेल तर तो घ्या, नसेल तर सरळ आपला माइक लावा.

नवीन लॅपटॉपला बहुतेक एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक एकत्र. साधी स्टिरिओ पिन घातली की तो तिला हेडफोन समजतो. म्हणजे मिक्सरकडून काही आत येतच नाही. "वायर खराब आहे" म्हणून लोक चार वायरी बदलतात. वायर ठीक असते, भोक चुकीचं असतं.

एकच आवाज का उरला

मिक्सरचा हेडफोन आउटपुट हा ऑपरेटरच्या कानासाठी असतो. ऑपरेटर एखाद्या चॅनलचं पीएफएल किंवा सोलो बटण दाबतो तेव्हा हेडफोनमध्ये फक्त तोच चॅनल येतो. त्याला तेच हवं असतं, कुठला माइक शिट्टी मारतोय ते शोधायला. लोकांना बाहेर पूर्ण नाटक ऐकू येत असतं, माझ्या लॅपटॉपला एकटा खलनायक.

म्हणून रेकॉर्डिंगसाठी हेडफोनमधून आवाज घेऊ नका. मग कुठून घ्यायचा? मिक्सरच्या मागे-पुढे ही ठिकाणं शोधा:

- रेक आउट किंवा टेप आउट: लाल-पांढरी आरसीए भोकं. मेन मिक्सच मिळतो, लेव्हल घरगुती. सगळ्यात सोपा मार्ग.
- मेन आउट: हा बहुधा ॲम्प्लिफायरला गेलेला असतो. दुसरी जोडी रिकामी असेल तरच मागा.
- ऑक्स सेंड: प्रत्येक चॅनलवर एक वेगळी घुंडी. तिच्यावरून तुमच्यासाठी स्वतंत्र मिक्स बनवता येतो. घेताना तो "प्री" आहे का पाहा. प्री असेल तर ऑपरेटरनं फेडर खाली-वर केला तरी तुमचा आवाज हलत नाही.
- डायरेक्ट आउट: एका चॅनलचा एकटा आवाज. मोठ्या मिक्सरवर असतो.

आता पेटी का हरवली ते. ऑपरेटर मिक्स बनवतो तो मांडवासाठी. पेटी आणि तबला स्टेजसमोरच बसतात, पुढच्या रांगांना त्यांचा आवाज थेट कानावर येतो, म्हणून तो त्यांना मिक्समध्ये कमी ठेवतो. त्याचं गणित बरोबरच असतं. पण रेकॉर्डिंगला थेट कान नसतो. त्याला फक्त वायरमधलं ऐकू येतं. मेन मिक्सचं रेकॉर्डिंग म्हणूनच नेहमी "संवाद मोठे, वाद्यं बारीक" असं निघतं.

मिक्सर असताना इंटरफेस कशाला?

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. मिक्सरचं काम आवाज एकत्र करणं. इंटरफेसचं काम आवाज वेगवेगळे ठेवून कॉम्प्युटरला आकड्यांत देणं. एकदा मिसळलेली डाळ-तांदळाची खिचडी परत वेगळी करता येत नाही.

"माझ्या मिक्सरला यूएसबी आहे" असं म्हणत असाल तर खरेदीआधी एक ओळ वाचा: यूएसबीवरून किती चॅनल जातात? यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या, छान मिक्सर आहे, पण यूएसबीवर दोनच चॅनल, म्हणजे मेन स्टिरिओ मिक्स. दहा इनपुट दिसतात म्हणून दहा ट्रॅक मिळत नाहीत. वेगवेगळे ट्रॅक हवे असतील तर "मल्टिट्रॅक" लिहिलेला मिक्सर बघा. साउंडक्राफ्टच्या सिग्नेचर मालिकेतले एमटीके किंवा झूमचा लाइव्हट्रॅक एल-८ तसे आहेत. नाहीतर साधा इंटरफेस. एकट्यानं बोलायचं पॉडकास्ट असेल तर दोन इनपुटचा पुरतो. वाद्यं असतील तर चार.

मी चार इनपुटचा घेतला आणि घरी चंद्रपुरात तालीम केली. तिथे चौथी चूक सापडली, ती घरीच सापडली हे बरं झालं. मोबाइलवर गाणं लावलं, लहान पिन, जिला दुकानात ईपी म्हणतात, ती मोबाइलमध्ये आणि मोठी स्टिरिओ पिन, म्हणजे पी-३८ च्या मापाची, इंटरफेसमध्ये. गाणं आलं, पण गायिका गायब! मागची वाद्यं आणि प्रतिध्वनी तेवढा उरला.

कारण असं. व्यावसायिक इनपुट "बॅलन्स्ड" असतो. त्यात एकच आवाज दोन तारांतून जातो, एका तारेत सुलटा, दुसरीत उलटा. पलीकडे इंटरफेस एकातून दुसरा वजा करतो. वाटेत दोन्ही तारांवर सारखीच घुसलेली खरखर त्या वजाबाकीत संपते आणि आवाज दुप्पट होतो. युक्ती फारच सुंदर आहे. पण मोबाइलच्या त्याच दोन तारांत डावा आणि उजवा असे दोन आवाज होते. इंटरफेसनं डाव्यातून उजवा वजा केला. गायिका दोन्हीकडे सारखी, म्हणून ती शून्य झाली. उपाय सोपा: स्टिरिओ पिनेतून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वाय वायर घ्या आणि दोन इनपुट वापरा.

घूं… हा आवाज कुठून येतो?

हेडफोनमध्ये एकसारखा "घूं" येत असेल तर ती आपल्या लाइटची ५० हर्ट्झ आणि तिची पिल्लं, १००, १५०. मिक्सर एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर, दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं जमिनीत आणि मधे आपली ऑडिओ वायर. झालं वर्तुळ पूर्ण. त्यातून वीज फिरते आणि आपण ती ऐकतो. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, पण घरातली अर्थिंग कशी आहे ते ज्याचं त्यालाच माहीत.

या क्रमानं तपासा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेत. मग सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. मग बॅलन्स्ड वायरी वापरा. तरी राहिला तर ऑडिओसाठीचा आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर किंवा डीआय बॉक्स मधे घाला. एक गोष्ट मात्र करायची नाही: प्लगची तिसरी, अर्थची पिन तोडायची नाही. आवाज जातो खरा, पण पत्र्याच्या बॉडीत करंट उतरला तर तो माइक धरलेल्या माणसातून जातो. मांडवात, ओल्या जमिनीवर, अनवाणी नटांसमोर हा खेळ करू नका.

रेकॉर्डिंग मध्यरात्री का थांबलं

हा माझ्या धंद्यातला प्रश्न, म्हणून जास्त लाज वाटली. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० मोजमापं. २४ बिट म्हणजे प्रत्येकी ३ बाइट. एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट, तासाला सुमारे ५१८ एमबी. स्टिरिओला दुप्पट. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी आणि एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हचीही तेवढीच. भागाकार करा: स्टिरिओ फाइल ४ तास ८ मिनिटांनी भरते. साडेदहात चार तास आठ मिनिटं मिळवा. दोन अडतीस! यंत्र बिघडलंच नव्हतं, मी हिशेब केला नव्हता.

उपाय: पेन ड्राइव्हवर नाही, लॅपटॉपच्या डिस्कवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक ट्रॅक वेगळी मोनो फाइल ठेवा. मग एक फाइल आठ तासांवर पुरते. मी रीपर वापरतो. त्यात फाइल ठरावीक आकाराची झाली की नवी फाइल सुरू करायची सोयही आहे.

आणखी दोन आकडे. बफर: १०२४ ठेवला तर सुमारे २१ मिलिसेकंद उशीर, २५६ ला सुमारे ५. गाताना स्वतःला हेडफोनमध्ये ऐकायचं असेल तर बफर लहान हवा. नुसतं रेकॉर्ड करायचं असेल तर मोठा ठेवा, कॉम्प्युटर दमत नाही. विंडोजवर इंटरफेस कंपनीचा एसिओ ड्रायव्हर टाका. आणि लेव्हल: सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते. शून्याच्या वर मात्र काही नाही, तिथे आवाज सपाट कापला जातो आणि परत येत नाही.

दुसरा प्रयोग

होळीच्या आठवडाभर आधी मामाचा शेवटचा प्रयोग होता. या वेळी मी संध्याकाळी चारलाच पोचलो. कंपनीच्या मालकांची परवानगी आधीच घेतली होती: रेकॉर्डिंग घरासाठी, कुठेही टाकणार नाही. नाटक त्यांचं, पोटही त्यांचं त्यावर. हे विचारायला कोणी चुकू नका.

साउंडवाले दादा मला ओळखून हसले. म्हणाले, "पाहा जी, मेनला हात नाही लावाचा."

"हौ जी, नाही लावत. एक ऑक्स रिकामा आहे का?"

तीन ऑक्स होते. पहिला स्टेजवरच्या मॉनिटरला, दुसरा इकोला, तिसरा रिकामा आणि प्री. झालं. जोडणी अशी ठरली:

- इनपुट १: रेक आउटमधून मेन मिक्स. इथे सगळं मोनोच होतं, म्हणून एकच बाजू.
- इनपुट २: तिसरा ऑक्स, फक्त पेटी आणि तबला.
- इनपुट ३ आणि ४: माझे दोन माइक, स्टेजपासून पंधरा मीटरवर बांबूला बांधलेले, लोकांच्या हशा-टाळ्यांसाठी. हे कंडेन्सर होते, म्हणून इंटरफेसवर ४८ व्होल्टचं फँटम चालू.

इंटरफेस आणि लॅपटॉप एका छोट्या यूपीएसवर, यूपीएस दादांच्याच बोर्डावर. म्हणजे जनरेटर बदलताना अंधार झाला तरी रेकॉर्डिंग तुटणार नाही. एकदा झालाच. स्टेज काळं, लोक ओरडतायत, आणि माझ्या स्क्रीनवर चौथ्या ट्रॅकची रेघ शांतपणे पुढे जातेय. साडेसहा तासांत चार ट्रॅक मिळून साडेतेरा जीबी.

घरी जुळवताना दोन गोष्टी कळल्या. आवाज हवेतून मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो. पंधरा मीटरवरचे माइक वायरपेक्षा सुमारे ४४ मिलिसेकंद मागे होते, त्यामुळे टाळी दोनदा ऐकू यायची. ते दोन ट्रॅक तेवढे पुढे सरकवले. आणि बहिणीनं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग सुरुवातीला जुळायचं, पहाटेपर्यंत जवळपास सेकंदभर घसरायचं. प्रत्येक यंत्राचं घड्याळ थोडं वेगळं चालतं. जमत असेल तर सगळे माइक एकाच इंटरफेसला जोडायचे ते यासाठी.

शेवटचं पद

एप्रिलमध्ये मामा चंद्रपूरला आला. रेकॉर्डिंग लावायचं म्हणून कूलर बंद केला. चंद्रपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद करणं म्हणजे काय ते इथल्यांनाच कळेल. आई, मामा, मी, घामाघूम. शेवटच्या अंकातलं पद लागलं.

मामा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "पेटी थोडी जास्त पुढं घेतली तू. एवढी नसते ऐकू येत."

मी म्हटलं, "कमी करू का?"

आई म्हणाली, "नको करू. मला तेवढीच ऐकाची आहे."

म्हणून माझ्याकडे आता दोन फाइली आहेत. एक मांडवात ऐकू येतं तशी, मामासाठी. एक पेटी पुढे असलेली, आईसाठी. मूळ चार ट्रॅक दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलेत, एक माझ्याकडे, एक बहिणीकडे. पहिल्या रात्री मी आवाज एकाच वायरीत मिसळून घरी आणला होता, त्यातून यातली एकही फाइल निघाली नसती.

तुमच्या घरात कोणी गाणारं, वाजवणारं, जात्यावरच्या ओव्या आठवणारं असेल तर महाग सामान यायची वाट पाहू नका. दोन इनपुटचा इंटरफेस आणि एक साधा माइक पुरे. पण आदल्या दिवशी पूर्ण तालीम करा, तितक्याच तासांची. आणि अडलं तर कुठली पिन कुठल्या भोकात घातली त्याचा फोटो काढून पाठवा. दहातल्या आठ वेळा उत्तर त्या फोटोतच असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर कूलर चालू ठेवा.